गीते : पारंपरिक

बशी ओठांशी नेली तोच कानिफनाथला आपलाच श्वास ऐकू आला. छातीतला नव्हे, गल्ल्यामागच्या फळीवर ठेवलेल्या कर्ण्यातला. माळीवाड्याच्या एसटी स्टँडासमोरचं ते हॉटेल सकाळी सातलाच गजबजलेलं असे, आणि दिवाळीपासून तिथे दिवसातून दहादा त्याची तबकडी लागत असे. लाँग प्ले तबकडी, दोन बाजूंना मिळून दहा गाणी. सुरुवातीला ती लागली की त्याच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. पुढे सवय झाली; उकळत्या चहाचा, कपबशांचा, बाहेर मागे सरकणाऱ्या गाडीचा जसा आवाज, तसा हा एक. पण आज भज्यांच्या कढईची चुरचुर मधेच थांबली, आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर गाणाऱ्याने घेतलेला श्वास तेवढ्या रिकाम्या जागेतून नेमका बाहेर आला. घाईचा, चोरटा श्वास. कुणी बघत नाही ना, हे पाहून दुसऱ्याच्या वावरात पाय टाकणाऱ्या माणसाचा. इतक्या दिवसांत तो त्याला कधी ऐकू आला नव्हता, आणि आता पुन्हा कधी ऐकू आल्याशिवाय राहणार नव्हता.

समोर बसलेल्या कांद्याच्या शेतकऱ्याने बशीतला चहा फुंकत विचारलं, "ह्यो कोल्हारकर म्हंजी आपल्या प्रवरंकाठच्या कोल्हारचा का वं?"

"असंल," कानिफनाथ म्हणाला.

"गडी लई गोड गातो. आमच्या पुतणीच्या लग्नात मांडव पडंस्तवर हीच तबकडी वाजवली."

कानिफनाथ खाकी कपड्यांत होता. कमरेला चामड्याची पिशवी, काखेत तिकिटांची पेटी. तबकडीच्या वेष्टणावरचा कानिफनाथ कोल्हारकर गुलाबी फेटा बांधून, हनुवटी वर करून कुठेतरी लांब बघत होता. तो फेटा मुंबईच्या फोटोवाल्याचा. कोल्हारकर हे आडनावही मुंबईचंच. कंपनीच्या साहेबांनी ते पाच मिनिटांत ठरवलं. त्यामुळे नगर डेपोचा कंडक्टर आणि गाणारा फेटेवाला हे एकच, हे डेपोतले लोक आणि गल्लीतली चार घरं सोडली तर कुणाच्या ध्यानात येत नसे. कानिफनाथला यात एक मजा वाटायची. लोक त्याच्याच हातून तिकीट घेत आणि त्याचंच गाणं गुणगुणत. राजाने वेश पालटून आपल्याच पेठेत हिंडावं तसं. बायको, सुमन, म्हणायची, सांगून टाकावं की माणसानं, त्यात काय चोरी हाय. चोरी हा शब्द ती सहज वापरायची. त्याला मात्र तो प्रत्येक वेळी लागायचा.

चहा संपवून तो डेपोत गेला, आणि ड्यूटीच्या फळ्यासमोर उभा राहिला. नगर–मनमाड, पावणेआठ, आणि पुढे त्याचं नाव. गेले चार महिने मनमाडची ड्यूटी आली की तो सहादेव नावाच्या कंडक्टरशी बदलून घ्यायचा. सहादेव वडाळ्याचा, त्याला त्या रस्त्याने जाता-येता घरी डोकावता यायचं, म्हणून तो कारण विचारायचा नाही. पण सहादेव आज पंधरा दिवसांच्या रजेवर गेलेला. ड्रायव्हर गोरक्षनाथ पान चघळत फळ्यापाशीच उभा होता. तो कमी बोलणारा माणूस. त्याने कानिफनाथच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "कोल्हारला गाडी थांबतीच. तिला इलाज न्हाई." मग पिंक टाकून गाडीकडे चालू लागला. म्हणजे याला ठाऊक होतं. किती दिवसांपासून, कोण जाणे.

गाडी सावेडीच्या पुढे निघाली, तिकिटं फाडून झाली, आणि कानिफनाथ दाराजवळच्या आपल्या जागी टेकला. माघाचं कोवळं ऊन खिडक्यांतून आत येत होतं आणि गाडी वळली की सगळ्या उतारूंच्या मांडीवरून एकदम सरकत होतं. एरवी त्याला ही वेळ फार आवडायची. इंजिनाची घरघर खालच्या षड्जासारखी पायांतून वर चढे, तिच्यावर त्याच्या मनातल्या मनात एखादी ओळ आपोआप उभी राही. त्याची सगळी गाणी अशीच चालत्या गाडीत घोटलेली. मुंबईच्या त्या स्टुडिओत नेमकी याचीच पंचाईत झाली. जाड दरवाजा लोटल्यावर अशी शांतता पडली की ढोलकीवाल्या कचरूने हळूच स्वतःचे कान चाचपले. भिंतींना भोकांच्या फळ्या मारलेल्या. त्या आवाज गिळत होत्या, परत काही देत नव्हत्या. नदीकाठी हाक मारली की पलीकडची दरड ती निदान अर्धी तरी परत करते. इथे ओळ तोंडातून सुटली की गेलीच. आणि हात कुठे ठेवावा कळेना. चौदा वर्षं उजवा हात गाडीच्या दांडीला धरून उभं राहिलेला माणूस. मोकळ्या हातांनी त्याला पडल्यासारखं वाटायला लागलं. माइकच्या दांडीला हात लावायची मनाई होती. शेवटी काचेपलीकडच्या साहेबांनी एक लोखंडी खुर्ची आत पाठवली. तिची पाठ गच्च धरून, गुडघे जरा सैल सोडून, गाडी विळदच्या घाटात आहे असं समजून त्याने गायला सुरुवात केली, आणि मग सगळं सुरळीत झालं. दोन दिवसांत दहा गाणी झाली. काचेमागचे लोक माना डोलवत होते. एक पोरगेला वादक त्याच्या पाया पडला. त्या दोन दिवसांइतका आनंद त्याला आयुष्यात कधी झाला नव्हता. हे खरंच होतं, आणि ते खरं आहे याचीच अडचण होती. कारण त्या आनंदाच्या शेवटाला, निघता निघता, साहेबांनी एक कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढत विचारलं, "गीतकार कोण?"

दहापैकी सात गाणी राहीआत्याची होती. कानिफनाथची आई तो चार वर्षांचा असताना गेली, आणि बापाने त्याला कोल्हारला बहिणीकडे आणून सोडलं. तिथे तो सतरा वर्षांचा होईपर्यंत राहिला. राहीआत्याला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण खुरपणीला बायकांची रांग बसली की ती एक ओळ टाकायची आणि बाकीच्या बायका ती उचलायच्या. तिच्या ओळीला कशाचंही निमित्त पुरायचं. सवतीमत्सर, देव, जावेचं जळकं कालवण, साखर कारखान्याचा भोंगा, काहीही. तिच्या गाण्यात माया होती, पण मायेला कायम एक टाचणी टोचलेली असायची. एकदा पाटाला पाळीचं पाणी आलं तेव्हा तो तिथेच होता. आत्याने वाफ्याचं तोंड फोडलं, पाणी आत यायचं सोडून उलटं फिरलं आणि शेजाऱ्याच्या उसात शिरलं. आत्या फावड्यावर हात ठेवून त्या पाण्याकडे रागाने पाहत राहिली आणि मग हसायलाच लागली. दुसऱ्या दिवशी खुरपणीला गाणं तयार होतं.

पाटाचं पानी गं बाई, वाकडं चालतं
माज्या वाफ्यापाशी येतं, उलटं बोलतं

सगळ्या बायका हसून वाकल्या होत्या. पाण्याचं नाव घेऊन आत्या कुणाच्या नवऱ्याबद्दल बोलतेय हे प्रत्येकीला आपापलं कळलं होतं.

हे सगळं त्या कागदासमोर सांगायचं कसं? साहेबांचं पेन उघडं होतं. खोलीत थंडगार वारा सोडणारं यंत्र होतं. गीतकार या शब्दाला एक कोट होता, एक चष्मा होता. त्या शब्दाच्या पुढच्या मोकळ्या जागेत नऊवारीचा काचा मारून, चिखलाच्या पायांनी राहीआत्या कशी येऊन बसणार? तिला इथे बसवलं तर हे लोक हसतील असं त्याला वाटलं. तिला नव्हे, आपल्याला हसतील. तेवढ्यात साहेबच म्हणाले, "पारंपरिकच ना? तसं लिहितो." आणि कानिफनाथने मान हलवली. एवढंच झालं. कुणी काही हिसकावलं नाही, कुणी खोटं बोललं नाही. मान एकदा खाली गेली आणि वर आली. पण गाडीत बसून तो जेव्हा जेव्हा ते आठवायचा, तेव्हा ती मान खाली जायला फार वेळ लागायचा.

बरं, तेवढ्यावरही भागलं नव्हतं. मुंबईला जायच्या आधी घरी तालीम करताना त्याने 'उलटं बोलतं' काढून 'गोडगोड बोलतं' घातलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. शहरातल्या लोकांना गोड बरं पडेल, असं त्याचं त्यालाच वाटलं. कचरूने ढोलकी थांबवून विचारलं होतं, "उलटं बरं हुतं की." तो म्हणाला होता, तू वाजव. आज हॉटेलात ऐकू आलेला श्वास त्या शब्दाच्या आधीचाच होता. गळ्याला ठाऊक होतं, पुढे काय करायचंय ते.

आणि तबकडी चालली. चालली म्हणजे कशी, तर गावोगावच्या मांडवांत, रसवंत्यांत, जत्रेच्या पाळण्यांशी, श्रीगोंद्याच्या बाजारात, देवळाली प्रवरेच्या गुऱ्हाळावर, सगळीकडे. रेडिओवरही दोनदा लागली. एका कारखान्याच्या समारंभात त्याला नारळ आणि शाल मिळाली. लोक गर्दी करून ऐकत आणि त्यांचे चेहरे उजळलेले दिसत, तेव्हा त्याला वाटे, आपण काही वाईट केलेलं नाही. आत्याची ओळ एका वावरातून निघून जिल्हाभर गेली, हे पुण्यच की. मग पौषात कोल्हारची भगवतीची जत्रा आली. गाव सोडल्यापासून सतरा वर्षं त्याने ती जत्रा चुकवली नव्हती. या वर्षी त्याने निरोप धाडला, ड्यूटी आहे. ड्यूटी नव्हती. तो दिवसभर घरी बसून सायकलचं चाक उघडून परत जोडत होता, आणि सुमन उंबऱ्यात धान्य निवडत त्याच्याकडे नुसती पाहत होती.

राहुरी गेली. उसाच्या बैलगाड्यांची रांग रस्त्याच्या कडेने लागली, त्यांच्या चाकांची करकर आणि कापलेल्या उसाचा ओला वास गाडीत भरला. कानिफनाथ उठून उगीच पुढे गेला आणि फाडून झालेल्या तिकिटांचे आकडे पुन्हा लिहून आला. कदाचित ती स्टँडवर नसेलच. का असावी? रोज काय ती गाड्या मोजत बसते? पूल आला. खाली प्रवरेचं पाणी हिवाळ्यातलं, बारीक आणि नितळ, खडकांमधून वाट काढत चाललेलं. गाडी पुलावरून उतरून स्टँडला लागली. कानिफनाथने दार उघडलं आणि समोर, उतारूंच्या घोळक्यात सगळ्यात पुढे, काखेत ओल्या हरभऱ्याच्या ढाळ्यांची पेंढी धरून राहीआत्या उभी होती.

ती वाट बघत वगैरे नव्हती. राहात्याला लेकीकडे निघाली होती, दर महिन्याला जायची तशी. तिने त्याच्याकडे पाहिलं, पायरीवर एक पाय ठेवला आणि पेंढी त्याच्या हातात दिली. "धर," ती म्हणाली. त्याने धरली. ती चढली, दाराजवळच्या बाकावर बसली, पदराने कपाळ पुसलं, पेंढी परत मांडीवर घेतली. जणू तो दर आठवड्याला तिला भेटत होता. गाडी सुटली. तो तिच्याजवळ उभा राहिला, उजवा हात दांडीला, आणि त्याला वाटलं आता ती विचारेल, जत्रेला का आला नाहीस. त्याचं उत्तर त्याने तयार ठेवलं होतं.

"कानिफा," आत्या म्हणाली, "ह्यो पारंपरिक कोन रं?"

त्याला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"शाळंच्या मास्तरानं तबकडी आनली हुती. त्याला म्हनलं, वाच, काय काय लिवलंय. त्यानं वाचलं. गायक कानिफनाथ कोल्हारकर. बरं वाटलं मला. ढोलकी कचरू. गीतं पारंपरिक." तिने ढाळ्यातला एक घाटा तोडून सोलला. "म्हनलं, कोन हाय ह्यो? मुंबईचा हाय का? माजी समदी गानी त्याला कशी ठावी?"

बाकावरचा एक म्हातारा वळून बघायला लागला. मागच्या दोघी बायकांनी बोलणं थांबवलं. आत्याचं तोंड अगदी सरळ होतं. ती खरोखरच अजाण होती, की मास्तरांनी सगळा अर्थ समजावून सांगितला होता आणि ती ढाळ्यातल्या घाट्यासारखं त्याला सावकाश सोलत होती, हे त्याला कळेना. लहानपणीही कधी कळलं नव्हतं. इंजिनाची घरघर पायांतून वर चढत होती. चाळीस माणसं होती गाडीत. त्यातल्या निम्म्यांच्या घरी, मांडवात, गावात ते गाणं वाजलेलं असणार. काय सांगायचं? मुंबईच्या कंपनीत तसंच लिहितात, हे सांगता आलं असतं. साहेबानं लिहिलं, हेही खरंच होतं. या दोन्ही गोष्टी त्याच्या जिभेच्या टोकापर्यंत आल्या, आणि त्याला परत तो श्वास ऐकू आला, आता स्वतःच्याच छातीत.

"पारंपरिक कुनी न्हाई, आत्या," तो म्हणाला. "त्यांनी मला इचारलं, गानी कुनाची. म्या तुजं नाव सांगितलं न्हाई."

"का?"

"लाज वाटली."

"माजी?"

त्याने पेटीतली तिकिटं नीट लावायला घेतली. आत्याने सोललेला हिरवा दाणा तोंडात टाकला, चावला आणि खिडकीबाहेर पाहिलं. तिच्या गालाचं हाड वरखाली होत होतं. तिला लागलं होतं. तिथे विचारायला काही उरलं नव्हतं. बाभळेश्वरचा फाटा दिसू लागला तेव्हा ती म्हणाली, "तवा सांगितलं न्हाईस. आता सांग."

"कुनाला?"

"ही काय मानसं बसल्यात."

त्याने गाडीभर नजर टाकली. कंडक्टर म्हणून चौदा वर्षं तो या जागेवरून ओरडत आला होता, पुढे सरका, तिकीट घ्या, कोण उतरतंय. आवाज निघायला हरकत नव्हती. मग त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, "मंडळी, ते पाटाच्या पान्याचं गानं हाय बघा, तबकडीवरचं. ते म्या गायलंय. मी कानिफनाथ. पन गानं माजं न्हाई. ह्या माज्या आत्याचं हाय. राहीबाई, कोल्हारच्या. त्यातली सात गानी हिचीच हायेत."

कुणीतरी म्हणालं, "काय सांगता." म्हाताऱ्याने टोपी मागे सारून आधी कानिफनाथला आणि मग आत्याला निरखलं. मागच्या बायकांपैकी एक उठून पुढे आली आणि आत्याच्या शेजारी जागा करून बसली. गोरक्षनाथने आरशातून पाहिलं आणि, कधी नव्हे ते, फाट्यावर गाडी थांबल्यावर इंजिनच बंद केलं. एकदम शांतता झाली. पण ही शांतता स्टुडिओतली नव्हती. तिच्यात कोंबडी होती, कुणाचं तरी खोकणं होतं, बाहेर शेंगा विकणारीची हाळी होती.

"आन् शबुद चुकलाय," आत्या म्हणाली. आता तिचा आवाज चढला. "नाव न्हाई तर न्हाई. पन पानी गोडगोड बोलतं व्हय रं? पानी काय पावना हाय? गोड बोललं तर गानं कशाला करायचं? मास्तराच्या घरी सगळ्या बायांम्होरं मान खाली गेली माजी. म्हनल्या, राही, तुजं गानं मऊ झालं."

गाडीत हसू फुटलं. कानिफनाथलाही हसू आलं, आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं की चार महिने ज्या रागाला तो भीत होता तो हा नव्हे. हा राग त्याच्या ओळखीचा होता, ह्याच्यात तो लहानाचा मोठा झाला होता.

"म्हन नीट," आत्या म्हणाली.

त्याने दांडी धरली आणि म्हटलं. पाटाचं पानी गं बाई, वाकडं चालतं. पुढच्या ओळीला ती त्याच्यात मिसळली, फाटक्या, जाड, खालच्या आवाजात, आणि 'उलटं' या शब्दावर तिने असा झटका दिला की बायका खुदकन हसल्या. तबकडीवर दहा वाद्यं होती. इथे म्हातारा बाकावर बोटांनी ठेका धरत होता, तोही चुकत होता. गाणं संपल्यावर आत्या थांबलीच नाही. तिने गाडीकडे, दाराकडे, त्याच्या पेटीकडे पाहिलं आणि तिथल्या तिथे पुढची ओळ टाकली.

लाल गाडी आली बाई, धुरळा लोटीत
भाचा माजा हुबा दारी, तिकिटं वाटीत

तेवढ्यात फाट्यावर चढलेले नवे उतारू तिकीट मागू लागले, गोरक्षनाथने इंजिन चालू केलं आणि गाडी सात मिनिटं उशिरा सुटली. राहात्याला आत्या उतरली. अर्धी पेंढी तिने त्याच्यासाठी बाकावर ठेवली होती. जाताना एवढंच म्हणाली, "सुमनला घिऊन ये. जत्रंचं मी इसरले न्हाई."

मनमाडला दीड तासाची सुट्टी होती. त्याने पोस्टातून अंतर्देशीय पत्र घेतलं आणि कंपनीला लिहायला बसला. स. न. वि. वि. लिहिल्यावर पुढचं वाक्य जमेना. त्याने चार वाक्यं मनात केली. प्रत्येकात तो स्वतःला थोडा सोडवत होता. शेवटी फक्त लिहिलं, की सात गाण्यांच्या गीतकाराचं नाव मी चुकीचं सांगितलं, ते असं असं आहे, ते घालावं, नाहीतर दुसऱ्या तबकडीसाठी मी येणार नाही. टपालपेटीत पत्र टाकून तो पळत गाडीपाशी आला, कारण आपण मागे फिरू अशी त्याला भीती वाटत होती.

उत्तर यायला दोन महिने लागले. साहेबांनी रागावून लिहिलं असेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. पहिली छपाई संपत आली आहे, दुसरीत दुरुस्ती करू, आणि त्या बाईंची आणखी गाणी आहेत काय, अशी विचारणा होती. ज्येष्ठात नवी तबकडी आली तेव्हा कानिफनाथ सुमनला घेऊन कोल्हारला गेला. आत्या ओसरीवर बसून सुपात बाजरी पाखडत होती. तिने सूप बाजूला केलं, हात पदराला पुसले आणि वेष्टण मांडीवर घेतलं. आधी फोटो बघितला. "ह्यो फेटेवाला कोन?" म्हणाली. मग विचारलं, "माजं कुठाय?"

त्याने तिचं बोट धरून मागच्या बाजूला, यादीतल्या तिच्या सात गाण्यांखाली ठेवलं. गीते : राहीबाई, कोल्हार. अक्षरं मुंगीएवढी होती. तिच्या बोटाखाली सगळीच झाकली गेली. तिने बोट उचलून पाहिलं, परत ठेवलं, परत उचललं.

"आतमंदी शबुद तोच का? गोडगोड?"

"ते आता बदलता येत न्हाई. तबकडीत बसलं ते बसलं. पन मांडवात मी उलटंच म्हनतो. लोक तेच म्हनायला लावत्यात."

"म्हनतीलच," आत्या म्हणाली. वेष्टण तिने सुमनच्या हातात दिलं आणि सूप पुन्हा ओढलं. "त्यास्नी अजून गानी पायजेत म्हनतोस ना? मंग बस. लिवून घे. मी बोलल्यावर शबुद मागं फुडं करायचं न्हाई."

कानिफनाथने खिशातून पेन्सिल काढली. कागद नव्हता, म्हणून सुमनने मास्तरांच्या घरून वहीची दोन पानं आणली. आत्याने पहिली ओळ सांगितली, ती त्याने लिहिली. दुसरी सांगितली, तिच्यातला एक शब्द त्याला पटला नाही, आणि तो तसं म्हणाला. आत्याने सूप खाली ठेवलं. मग ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं, चहा दोनदा झाला, शेजारच्या बायका येऊन बसल्या आणि दोन्ही बाजूंनी बोलू लागल्या, तरी आत्या आणि भाचा त्या एका शब्दावरून भांडतच होते.